हरलेल्याचा चेहरा : बॅटमॅनची जुनी मालिका आणि आपली चित्रं
(व्याख्यानाचं शब्दांकन)



आत येता येता एका काकांनी आम्हाला अडवलं आणि विचारलं, "निजामशाही झाली, अहिल्यादेवी झाल्या, किल्ल्यातला नेहरूंचा बंदिवास झाला. आता इतिहासाच्या व्याख्यानात कार्टून?" काकांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून आम्ही सुरुवात निजामशाहीपासूनच करतो. निदान पहिली दहा मिनिटं तरी काका उठून जायचे नाहीत.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात एक फारसी पोथी आहे, 'तारीफ-इ-हुसेनशाही'. कवीचं नाव आफताबी. नगरच्या हुसेन निजामशहाचं हे स्तुतिकाव्य. पोथीत १२ चित्रं आहेत आणि दख्खनी शैलीच्या सर्वांत जुन्या उपलब्ध चित्रांमध्ये त्यांची गणना होते. काळ कोणता? १५६५. त्या वर्षीच्या जानेवारीत तालिकोटची, म्हणजे राक्षसतागडीची लढाई झाली. नगर, विजापूर, गोवळकोंडा आणि बिदर एकत्र आले आणि विजयनगरचा पाडाव झाला. त्याच वर्षी हुसेनशहा वारला. म्हणजे ही पोथी त्या विजयाच्या ऐन भरातली आहे.

आता ही चित्रं डोळ्यांसमोर आणा. राजा सिंहासनावर बसलेला. राजा घोड्यावर, मागे फौज, हत्ती, निशाणं. आणि एका चित्रात रामरायाचा शिरच्छेद. विजयनगरचा ऐंशीच्या घरातला तो म्हातारा कारभारी, पण चित्रकाराला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याचं चित्रात येण्याचं कारण एकच, त्याचं डोकं धडावेगळं होणार आहे.

दुसरी गोष्ट आणखी चटका लावणारी. या चित्रांत हुसेनशहाच्या शेजारी त्याची राणी होती, खुंजा हुमायून. चांदबिबीची आई. कवितेत तिचं भरभरून कौतुक आहे. पण बहुतेक चित्रांत ती आता दिसत नाही. तिची आकृती पुसून वर रंग चढवलेला आहे. नवऱ्याच्या मागे तिनं अल्पवयीन मुर्तझाच्या नावानं राज्य चालवलं आणि १५६९ मध्ये त्याच मुलानं तिला कैदेत टाकलं. चित्रांतून ती गेली, त्याचा संबंध अभ्यासक या घटनेशी जोडतात. एका चित्रात मात्र एक स्त्री झाडाला हात लावते आणि झाड फुलतं, असा प्रसंग शिल्लक आहे. संस्कृत कवी ज्याला दोहद म्हणतात, तोच.

तर मंडळी, आपल्याच गावाच्या या पोथीतून आम्हाला एक प्रश्न मिळाला. नायकाचं चित्र काढताना हरलेल्या माणसाचं काय होतं? त्याला चेहरा मिळतो, की नुसतं मुंडकं? हा प्रश्न हातात धरून आम्ही काही जण गेलं वर्षभर एक जुनी कार्टून मालिका पुन्हा बघत होतो. सगळेच्या सगळे ८५ भाग. तिचं नाव 'बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सिरीज'. ५ सप्टेंबर १९९२ रोजी ती अमेरिकेत फॉक्स वाहिनीच्या मुलांच्या कार्यक्रमांत सुरू झाली. आपल्याकडे नव्वदीच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर केबलवर अनेकांनी ती पाहिली असेल. तिच्यात काय आहे, आणि शत्रूचं चित्र कसं काढावं याबद्दल ती आपल्याला काय शिकवते, हे आज सांगायचंय.

आधी थोडा मागचा हिशोब. सुपरहिरो म्हटलं की आपल्याकडच्या पन्नाशीच्या माणसाला इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आठवतो. ली फॉकनं तो १९३६ मध्ये काढला. १९३८ मध्ये सुपरमॅन आला आणि १९३९ मध्ये बॉब केन आणि बिल फिंगर यांचा बॅटमॅन. यातल्या सुपरमॅनला पडद्यावर पहिल्यांदा हालतं केलं ते फ्लायशर स्टुडिओनं, १९४१ साली. १९४३ पर्यंत १७ छोटे चित्रपट निघाले. ते थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी दाखवत. सावल्या, उंच इमारती, प्रकाशाचे झोत, सगळं देखणं. पण खर्च दांडगा.

खर्च का, ते समजून घेऊ. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' नावाची छोटी फिल्म केली होती. काडी जरा सरकवायची, एक चित्र घ्यायचं. पुन्हा सरकवायची, पुन्हा एक चित्र. अ‍ॅनिमेशन म्हणजे हेच. फक्त काडीऐवजी हातानं काढलेलं चित्र. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी पळतो. एक चित्र दोन चौकटी टिकवलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. २२ मिनिटांच्या भागाचा गुणाकार करा : १५,८४०. एका पात्राची, एका भागाची. दोन पात्रं एकदम हलली की आकडा दुप्पट.

टीव्ही आल्यावर दर आठवड्याला नवा भाग द्यायचा होता आणि पैसे थोडे. मग युक्त्या सुरू झाल्या. अंग स्थिर, फक्त तोंड हलतं. पळणारा माणूस तोच, मागचा देखावा फिरत राहतो. दूरदर्शनवर लागायचा तो १९६७ चा स्पायडरमॅन आठवतोय? त्याच्या पोशाखावरची जाळी फक्त मुखवटा, हातमोजे आणि बूट एवढ्यावरच होती. का? तर बाकीच्या अंगावर रेषा काढायला परवडत नव्हतं! इमारतींमधून झोके घेण्याचे तेच ते तुकडे प्रत्येक भागात यायचे. आम्ही लहानपणी ते मान वाकडी करून बघितले आणि आम्हाला काहीही कमी वाटलं नाही. छतावर अँटेना फिरवणारा भाऊ "आलं का?" म्हणून ओरडतोय आणि खाली आम्ही "आलं, आलं, गेलं!" त्या मुंग्यांच्या पडद्यावर जाळीची रेघ कोण मोजणार?

पण ऐंशीच्या दशकाअखेर अशी गत झाली होती की टीव्हीवरचं सुपरहिरो कार्टून म्हणजे खेळण्यांची जाहिरात, असंच सगळे समजत. अशा वेळी वॉर्नर ब्रदर्सच्या अ‍ॅनिमेशन विभागात दोन तरुण पुढे आले. ब्रूस टिम आणि एरिक रॅडोम्स्की. १९८९ मध्ये टिम बर्टनचा बॅटमॅन सिनेमा चालला होता, मालिकेची कल्पना हवेत होती. या दोघांनी एक-दोन मिनिटांचा नमुना करून दाखवला आणि काम त्यांच्या हाती आलं. पुढे अ‍ॅलन बर्नेट, पॉल डिनी हे लेखक आले आणि मंडळी जमत गेली.

आता कलेकडे वळू. तीन गोष्टी सांगतो.

पहिली, काळा कागद. पार्श्वचित्र रंगवणारा नेहमी पांढऱ्या कागदावर काम करतो. पांढऱ्यावर आकाश, घरं, सावल्या चढवत जातो. रॅडोम्स्कीनं चित्रकारांना काळा कागद दिला. अंधार आधीच आहे, तुम्ही फक्त उजेड काढा. एक खिडकी, एक दिवा, भिंतीची एक कड. आपल्या जिल्ह्यात ज्यांनी भारनियमनाच्या रात्री काढल्यात त्यांना हे समजावून सांगायला नको. गल्लीत लाइट गेली आणि एका घरात कंदील लागला, की तेवढीच चौकट दिसते आणि बाकीची गल्ली आपण मनानं भरतो. या मालिकेतलं गॉथम शहर तसं आहे. पडद्यावर जे दिसतं त्याहून जास्त आपण भरतो. आणि गंमत अशी की यात खर्चही वाचतो. जे अंधारात आहे ते काढायचंच नाही!

दुसरी गोष्ट, शहर आणि माणसं यांच्या रेषा. शहराला त्यांनी तीस-चाळीसच्या दशकांतला आर्ट डेको बाज दिला. सरळ वर चढणाऱ्या रेषा, गोलाकार कोपरे, मोठी अक्षरं. हा बाज तुम्ही पाहिलेला आहे. मुंबईला सीएसएमटीला उतरलात की समोर गॉथिक शैलीची ती अवाढव्य इमारत, आणि तिथून मरीन ड्राइव्हला किंवा इरॉस, रीगल थिएटरांकडे गेलात की आर्ट डेको. मुंबईतल्या या दोन्ही शैलींच्या इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाचा दर्जा दिला. पावसाळ्यात रात्री अकरा वाजता फोर्टातून चालत जा, गॉथम म्हणजे काय ते कळेल. मालिकेत मोटारी जुन्या घाटाच्या, टीव्ही कृष्णधवल, पोलिसांची हवाई जहाजं, आणि बॅटमॅनच्या गुहेत मात्र संगणक. काळ कुठला? सांगता येत नाही. म्हणून तीस वर्षांनी ती बघताना जुनाट वाटत नाही.

माणसं काढताना टिमनं रेषा कमी केल्या. बॅटमॅन म्हणजे उलटा त्रिकोण, चौकोनी हनुवटी, दोन पांढरे डोळे. कॉमिकमधल्या त्या शेकडो स्नायूंच्या रेषा गायब. कारण साधं होतं. आराखडा अमेरिकेत व्हायचा, पण प्रत्यक्ष हजारो चित्रं जपान आणि कोरियातल्या स्टुडिओंत काढली जायची. टीएमएस, स्पेक्ट्रम, सनराइज, डाँग यांग, अशी वेगवेगळी घरं. रेघ जितकी कमी तितकी ती दहा हातांतून जाऊनही बिघडत नाही. रांगोळी घालणाऱ्या बाईला हे विचारा. चार ठिपक्यांची घाटदार रांगोळी सासू-सुना-नात तिघींच्या हातून सारखी उतरते.

तिसरी गोष्ट, आवाज. त्या काळात कार्टूनला यंत्रावर वाजवलेलं संगीत लावून मोकळं होत. इथे शर्ली वॉकर या संगीतकार बाईंच्या देखरेखीखाली प्रत्येक भागाला वाद्यवृंद बसवून स्वतंत्र संगीत केलं गेलं. शीर्षकाचं संगीत डॅनी एल्फमनचं. त्या सुरुवातीच्या मिनिटभराच्या दृश्यात मालिकेचं नावसुद्धा येत नाही आणि कोणी अक्षर बोलत नाही. दोन चोर, एक स्फोट, गच्ची, सावली, वीज. संपलं. आवाज देणाऱ्या नटांना आंद्रिया रोमानो या दिग्दर्शिकेनं शक्यतो एकत्र बसवून बोलायला लावलं, नाटकाच्या तालमीसारखं. केव्हिन कॉनरॉयनं एकाच माणसाला दोन आवाज दिले. श्रीमंत ब्रूस वेनचा हलका, बॅटमॅनचा खोल. आणि ऐकलं की लक्षात येतं, खरा आवाज खोल तोच आहे. सोंग आहे ते श्रीमंताचं. जोकरला आवाज मार्क हॅमिलचा. 'स्टार वॉर्स'मधला गोरागोमटा नायक इथे असा हसतो की अंगावर काटा येतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हरलेल्याचं काय?

मालिकेचा एक भाग आहे, 'हार्ट ऑफ आइस'. ७ सप्टेंबर १९९२ ला पहिल्यांदा लागला. लेखक पॉल डिनी, दिग्दर्शक ब्रूस टिम. यातला खलनायक मिस्टर फ्रीझ. हा १९५९ पासून कॉमिकमध्ये होता, पण कसा? बर्फाची बंदूक घेऊन हिरे चोरणारा एक विदूषक. कोणाच्या खिजगणतीत नव्हता.

डिनीनं त्याला एक बायको दिली. नोरा. फ्रीझ, म्हणजे व्हिक्टर फ्राइस, हा एका कंपनीतला शास्त्रज्ञ. नोराला असाध्य आजार झालाय. उपाय सापडेपर्यंत तिला गोठवून ठेवायचं म्हणून तो कंपनीच्या प्रयोगशाळेत तिला काचेच्या पेटीत ठेवतो. कंपनीचा मालक फेरिस बॉइल येतो, हा खर्च कशाला म्हणून सगळं बंद करायला लावतो. झटापटीत फ्राइस रसायनांत फेकला जातो. जगतो, पण आता त्याचं शरीर शून्याखालच्या थंडीतच तग धरतं. गोठवणारा पोशाख घातल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. रडूही येत नाही. सूड मात्र घेता येतो.

आणि बॉइल? त्याला त्याच रात्री मानवतेचा पुरस्कार मिळतोय.

बॅटमॅन तपास करतो आणि त्याला त्या दिवसाची चित्रफीत सापडते. तो ती बघतो. आपण त्याच्या खांद्यावरून बघतो. ह्या क्षणाला मालिका फिरते. इथून पुढे बॅटमॅनला फ्रीझला थांबवायचंय, कारण तो निरपराध माणसंही मारायला निघालाय. पण त्याचं म्हणणं खोटं आहे असं बॅटमॅनला म्हणता येत नाही, आणि आपल्यालाही. शेवटी तो फ्रीझला पाडतो कशानं माहितीये? गरम सूपनं! बॅटमॅनला सर्दी झालेली असते, आल्फ्रेड या म्हाताऱ्या कारभाऱ्यानं थर्मासमध्ये चिकन सूप दिलेलं असतं. ते शिरस्त्राणाच्या गार काचेवर आपटलं की काच तडकते. हसू येतं आणि त्याच वेळी कसंसं होतं. घरच्या मायेच्या ऊबेनं एकाला वाचवलं आणि ज्याच्या घरात ती ऊब उरली नाही त्याला पाडलं.

पुढे बॅटमॅन ती चित्रफीत पत्रकार बाईच्या हाती देतो आणि बॉइलचं बिंग फुटतं. शेवटच्या दृश्यात फ्रीझ कोठडीत एकटा, हातात काचेच्या गोलातली छोटी नर्तकी, आणि तो बायकोची क्षमा मागतोय. बाहेर बर्फ पडतोय. विजयाची तुतारी नाही. नायक खिडकीबाहेरून बघतो आणि निघून जातो. या भागाच्या लेखनाला एमी पुरस्कार मिळाला. पुढे कॉमिकवाल्यांनीही फ्रीझची हीच गोष्ट स्वीकारली. तेहतीस वर्षं दुर्लक्षित राहिलेल्या पात्राला २२ मिनिटांत चेहरा मिळाला.

आता काकांकडे बघून सांगतो, हे काही आपल्याला परकं नाही. कीर्तनात सुलोचनेचं आख्यान कोणी ऐकलंय? श्रीधरस्वामींनी १७०३ मध्ये पुरा केलेल्या 'रामविजया'त ती कथा आहे. इंद्रजित मारला गेला. लक्ष्मणानं मारला, म्हणजे आपला पक्ष जिंकला. पण कथा तिथे थांबत नाही. त्याचा तुटलेला हात बायकोच्या अंगणात येऊन पडतो. ती शत्रूच्या गोटात, थेट रामापुढे जाते आणि नवऱ्याचं शिर मागते. कीर्तनकार हा प्रसंग रंगवतो तेव्हा देवळात रावणाच्या सुनेसाठी बायका पदर डोळ्याला लावतात. कोणी म्हणत नाही की राक्षसांसाठी कशाला रडता.

आणि चित्रांचं म्हणाल तर शेवगाव तालुक्यातून गोदावरी ओलांडली की पैठण. तिथून मिळालेली चित्रकथी परंपरेची चित्रं पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. जाड बाह्यरेषा, एका बाजूनं दिसणारा चेहरा, टपोरा डोळा, सपाट रंग. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, म्हणजे एका पानाला दोन्हीकडे चित्र. कथेकरी एकेक पान पुढे धरायचा आणि गाऊन, बोलून गोष्ट सांगायचा. तशी परंपरा सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत अजून जिवंत आहे. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीनं ते कथा सांगतात. चित्र हलत नाही, आवाज हलतो. राम आणि राक्षस दोघांना रेघ तितकीच ठसठशीत, डोळा तितकाच मोठा. रात्रीच्या मिणमिणत्या उजेडात पुढचं पान येईपर्यंतचं सगळं बघणाऱ्यानं स्वतः भरायचं.

टिम आणि रॅडोम्स्कीनं चित्रकथी पाहिली होती असं आम्ही म्हणत नाही आहोत. उद्या कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर "बॅटमॅनचा जन्म पैठणचा" असं फिरवलं तर आमच्या नावावर टाकू नका! आम्ही एवढंच म्हणतोय की थोडक्या रेषा, अंधार आणि चांगला आवाज यांच्यावर मोठी गोष्ट उभी राहते, हे आपल्याकडच्या कलावंतांना केव्हाच ठाऊक होतं.

न दाखवण्याचा आणखी एक नमुना देतो. 'रॉबिन्स रेकनिंग' या दोन भागांच्या कथेत सर्कशीत झोक्यावर काम करणाऱ्या नवराबायकोचा अपघात घडवून आणला जातो. त्यांचा मुलगा खालून बघतोय. मुलांच्या कार्यक्रमात मृत्यू दाखवायला बंधनं होती. दिग्दर्शकानं काय केलं? झोका पडद्याबाहेर जातो. आणि परत येते ती नुसती तुटलेली दोरी. बस. त्या दोरीपुढे रक्ताच्या बादल्या फिक्या. या कथेच्या पहिल्या भागाला १९९३ मध्ये प्राइमटाइम एमी मिळाला, म्हणजे मोठ्या माणसांच्या कार्यक्रमांच्या वेळचा.

आणि हार्ले क्विन. आज सिनेमे गाजवणारी ही बाई कॉमिकमधून आलेली नाही. ११ सप्टेंबर १९९२ च्या 'जोकर्स फेवर' या भागात जोकरची एक साथीदार हवी म्हणून तिला आणली. एका भागापुरती. आवाज दिला आर्लीन सॉर्किननं. ती इतकी आवडली की राहिली, आणि मग १९९३ मध्ये उलट मालिकेतून कॉमिकमध्ये गेली. एका भागापुरत्या बाईला चेहरा दिला तर काय होतं, त्याचं हे उदाहरण.

आता फक्त कौतुक करून चालणार नाही. आम्ही ८५ भाग पाहिले, त्यातले सगळे या पातळीचे नाहीत. 'आय हॅव गॉट बॅटमॅन इन माय बेसमेंट'सारखे भाग कसेबसे पाहिले. काम वेगवेगळ्या स्टुडिओंत गेल्यामुळे एका भागात बॅटमॅन वाऱ्यासारखा हलतो तर दुसऱ्यात लाकडाच्या ठोकळ्यासारखा. आणि मोठा आक्षेप म्हणजे, एक अब्जाधीश रात्री जाऊन गरीब चोरांना बडवतो, हे काय न्यायाचं चित्र झालं? हा प्रश्न आम्हालाही छळतो. मालिका त्याला पूर्ण उत्तर देत नाही. पण 'हार्ट ऑफ आइस'मध्ये खरा गुन्हेगार सूटबूट घालून व्यासपीठावर उभा आहे, हे दाखवण्याइतकी ती प्रामाणिक आहे. आणि ती मुलांसाठी होती, हे विसरू नका. शाळेतून घरी येऊन दप्तर टाकून बसलेल्या पोराला ती सांगत होती की वाईट वागणाऱ्या माणसाला थांबवावंच लागतं, पण तो असा का झाला हे विचारायलाही हवं.

आमच्या मते मालिकेचं आकर्षण टिकलं ते यामुळे. लहानपणी आपण बॅटमॅनसाठी बघतो. काळी गाडी, झेप, सावली. मोठेपणी पुन्हा बघितलं की फ्रीझ दिसतो. लहानपणी ज्याला शत्रू म्हणून हाकललं, त्याच्या जागी आपल्याच ओळखीचा कोणीतरी दिसायला लागतो. आमच्यातल्या एकाच्या घरी वर्षभर दवाखान्याच्या फेऱ्या चालू होत्या. तो म्हणाला, "पैसे संपले म्हणून यंत्र बंद करायची वेळ म्हणजे काय, ते आता कळतंय." त्यानंतर आम्ही त्या रात्री पुढचा भाग लावला नाही.

शेवटी पुन्हा आपल्या गावात येऊ. चौकाचौकात फ्लेक्स लागतात. इतिहासातला कोणताही वीर घ्या, कोणत्याही समाजाचा घ्या. गेल्या काही वर्षांत त्याला संगणकावर सुपरहिरोचे दंड फुगवून मिळालेत, आणि पायाखाली कोणीतरी पडलेला असतो. ज्यांनी असले फ्लेक्स केले त्यांना वाटतं की ते आधुनिक झाले. आमचं म्हणणं आहे की ते १५६५ मध्ये आहेत. दरबारी पोथीत. तिथेही नायक मधोमध आणि हरलेल्याचं मुंडकं बाजूला. फरक एवढाच की त्या दरबारी चित्रकाराची रेघ फार सुंदर होती.

सुपरहिरो चितारायचाच असेल तर त्यातली ही चांगली शाळाही आहे, आणि कीर्तनकाराची व चित्रकथ्याची त्याहून जुनी शाळा आपल्या दारात आहे. चित्रकलेचे शिक्षक इथे बसले असतील तर त्यांना एक विनंती. मुलांना एकदा काळा कागद आणि पांढरा खडू द्या. सांगा, नायक नको, जो हरला त्याचा चेहरा काढा. बघा काय काढतात.

आता त्या पोथीबद्दल राहिलेलं एक वाक्य. खुंजा हुमायूनवर रंग चढवला, तिला पुसलं. पण साडेचारशे वर्षांनीही चित्राकडे बघितलं की तो डाग दिसतो, आणि माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो : इथे कोण होतं? राजाबद्दल कोणी विचारत नाही.

एक चिठ्ठी आलीये, काकांचीच आहे. "नातवाला ही मालिका दाखवू का?" दाखवा की. पण काका, एक अट आहे, त्याला एकट्याला टीव्हीपुढे बसवून उठून जाऊ नका. तुम्हीही बसा. फ्रीझ रडायचा प्रयत्न करतो तिथे नातू तुमच्याकडे बघेल. त्या वेळी तुम्ही तिथे असायला हवं.